गुडघाभर पाणी

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात, ज्या महादेवावरून उद्यानाला नाव पडलं त्याच्या देवळाजवळ, शिकारींचा हिशेब दगडात कोरून ठेवलेला आहे. तारीख, कुणाच्या सन्मानार्थ, बंदुका किती, पक्षी किती. पहिली मोठी नोंद १९०२ सालच्या डिसेंबरातली, लॉर्ड कर्झनसाठी झालेल्या शिकारीची. सगळ्यात मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि एका दिवसात पडलेले पक्षी ४,२७३. तिथं येणारे बहुतेक लोक हा आकडा वाचून ‘बाप रे’ म्हणतात, फोटो काढतात आणि चहाकडे वळतात. त्यात काही चूक नाही, आकडाच तसा आहे. मी मात्र तिथं जरा रेंगाळलो, कारण मला एक वेगळाच प्रश्न पडला होता. पहिल्या बारानंतर हे पक्षी उडून गेले का नाहीत? बदक हा काही बावळट पक्षी नाही. सैबेरियाहून हिमालय ओलांडून येणाऱ्याला दहा-वीस मैल लांब जाणं अवघड नव्हतं.

उत्तर तिथल्या बांधांवरून चालताना मिळतं. सगळं पाणी बांध घालून तुकड्यातुकड्यांत विभागलेलं आहे आणि आज ज्यावरून सायकलरिक्षा फिरतात ते रस्ते म्हणजे तेच बांध. शिकाऱ्यांचे आडोसे या सगळ्या पाण्यात पसरलेले असायचे. हाकारे पक्षी उठवायचे, थवे एका तळ्यावरून दुसऱ्यावर जायचे आणि तिथंही बंदुका वाट बघत असायच्या. आजूबाजूला मैलोन् मैल शेतं आणि कोरडी जमीन. बदकांनी गोल गोल फिरून पुन्हा तिथंच यायचं, कारण त्यांच्या कामाचं पाणी तेवढंच होतं. पाटीवर फक्त हाती लागलेल्यांची मोजणी आहे. जखमी होऊन गवतात शिरलेले आणि तिथंच मेलेले त्यात धरलेले नाहीत. चिखलात पडलेले शिशाचे छर्रेही नाहीत. दाणे दळण्यासाठी बदकं बारीक खडे गिळतात, त्या नादात छर्रेही गिळतात आणि शिशाच्या विषानं पुढं कित्येक महिन्यांनी मरतात. अमेरिकेनं १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले ते याचसाठी.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी मला अजूनही नीट पचत नाही. ते पाणी तिथं आणलं कुणी? भरतपूरच्या सखल भागात पावसाळ्यात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचा पूर यायचा. अठराव्या शतकात राजा सूरजमल यानं त्यावर अजान बंध घातला. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानचा कारभार पाहणाऱ्या मोरवीच्या राजपुत्रानं विलायतेतल्या बदक-शिकारी पाहिल्या होत्या. आपल्याकडेही तसं काही व्हावं म्हणून कालवे काढले गेले, बांध पडले, दरवाजे बसले. पावसाळ्यानंतर बंधाऱ्याचं पाणी घनामध्ये (स्थानिक लोक या जागेला घना म्हणतात) सोडायचं आणि किती सोडायचं ते दारांनी ठरवायचं. म्हणजे आज जागतिक वारशाच्या यादीत असलेली ही पाणथळ जागा बरीचशी बंदुकीच्या हौसेनं घडवलेली आहे. स्वातंत्र्यानंतर हे पाणी शेतीला द्या, जमीन वाटून टाका, अशी मागणी झाली. ती मान्य झाली असती तर आज तिथं मोहरी दिसली असती. सालिम अलींनी नेहरूंच्या कानावर घातलं म्हणून ते टळलं. आणि सालिम अली तरी या वाटेला कसे लागले? पोरवयात हवाई बंदुकीनं मारलेल्या एका चिमणीमुळं. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी म्हणून ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) विचारायला गेले, त्याची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

बदकांबद्दल आपल्याला जे कळलं, त्यातला मोठा भाग ती मारणाऱ्यांनी शिकवला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला काँग्रेसच्या स्थापनेपुरता ठाऊक असतो. पण त्याआधी हिंदुस्थानातल्या शिकारीच्या पक्ष्यांवर त्यानं सहलेखक मार्शलबरोबर जाडजूड खंड काढले होते, तेही देशभरच्या शिकाऱ्यांनी पाठवलेल्या नोंदी आणि कातड्यांच्या जोरावर. पक्ष्यांच्या पायात कड्या अडकवण्याचं काम आपल्याकडे १९२६-२७ च्या सुमारास सुरू झालं ते धारच्या पवारांच्या संस्थानात. बदकं पकडायची, पायात ॲल्युमिनियमची कडी घालायची आणि सोडून द्यायची. कडीवर इंग्रजीत कोरलेलं असायचं की ही सापडल्यास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. कळवणार कोण? ज्याच्या हातात मेलेलं बदक येईल तो. हे पक्षी उन्हाळ्यात कुठं जातात याचा पत्ता मिळाला तो मुख्यतः रशियातल्या शिकाऱ्यांकडून. साठच्या दशकात भरतपूरला हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं. पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा होता, कारण कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात नवा ताप निघाला होता आणि पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिड्यांतून तो रोग लांबून आला की काय अशी शंका होती. पक्षी पकडायला आणले बिहारचे मीरशिकार. पिढ्यान् पिढ्या जाळी, फास आणि लासा (चिकट डिंक) लावून पक्षी धरणारे लोक. पाखराला पिसाचाही धक्का न लावता पकडायची त्यांची कला एरवी बाजारासाठी होती, ती शास्त्राच्या कामी आली.

आमच्या घरीही एक दुनळी होती. आजोबा इंदापूर तालुक्यातले, भीमेच्या काठचे. परवाना रानडुकरांसाठी काढलेला, पण थंडीत ते डोहाकडेच जायचे. आजी त्या मांसाला घरातली चूल द्यायची नाही, परसात तीन दगड मांडून ते शिजवावं लागे आणि भांडंही वेगळं. आजोबांचं पक्षीशास्त्र चवीचं होतं. भाताच्या किंवा ज्वारीच्या रानात चरलेलं तलवार बदक उत्तम. छोटी लालसरी चालेल. थापट्याला हात लावायचा नाही, त्याला चिखलाचा वास येतो. चक्रवाक तर कुणी मारतच नसे, एक तर मांस चिवट आणि दुसरं म्हणजे तो बंदुकीच्या टप्प्यात येईल तर शपथ. वर आणि माणूस दिसला की असा ‘आंग आंग’ ओरडायचा की सगळं पाणी रिकामं व्हायचं. आपल्या कवींनी याच पक्ष्याला नदीच्या दोन काठांवर रात्रभर विरहात ठेवलं. आजोबा त्याला चुगलखोर म्हणत.

थापट्याला चिखलाचा वास का येतो, हे मला फार उशिरा, त्याला दुर्बिणीतून तासभर बघत बसल्यावर उमगलं. त्याची चोच टोकाला रुंद आणि कडांना बारीक दातऱ्यांची असते. पाण्याच्या वरच्या थरातून चोच सरकवत तो पाणी आत घेतो आणि दातऱ्यांतून बाहेर ढकलतो, की सूक्ष्म किडे, बिया, शेवाळ आत राहतं. कधी कधी पाच-पंचवीस थापटे एकमेकांच्या मागे गोल फिरायला लागतात. पाय मारून तळ ढवळायचा आणि पुढच्यानं जे वर आणलं ते मागच्यानं गाळायचं. बघायला मजेशीर दिसतं, पण आहे ते पक्कं पोटाचं काम.

तलवार बदक, भुवई बदक, तरंग, हळदी-कुंकू ही मंडळी बुडी मारत नाहीत. शेपूट वर, डोकं खाली आणि मान पोचेल तिथपर्यंतच जेवण. तलवार बदकाची मान लांब म्हणून ते बाकीच्यांपेक्षा थोडं खोल जाऊ शकतं, पण तरी मर्यादा गुडघाभर पाण्याचीच. त्याहून खोल असेल तर तळातले कंद आणि बिया त्यांच्यासाठी नसल्यासारख्याच. लालसरी आणि शेंडी बदकं बुडी मारतात, त्यांना खोल पाणी चालतं. म्हणून एखाद्या तलावावर कुठली बदकं आहेत हे पाहिलं तर काठीही न बुडवता तिथल्या खोलीचा अंदाज येतो. पाण्याच्या स्वच्छतेबद्दल मात्र ती फारसं काही सांगत नाहीत. पुण्याखाली मुळा-मुठेवर कवडीपाटला वर्षानुवर्षं चक्रवाक आणि थापटे येत राहिले. पाण्यावर शहराचा फेस, काठावर प्लास्टिक, नाकाला रुमाल लावून पक्षी बघायचे. नदी सुंदर आहे म्हणून ती तिथं येत नव्हती. उथळ आणि सडक्या अन्नानं भरलेलं पाणी त्यांना तिथं मिळत होतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात जी पहिली बदकं येतात त्यांत भुवई बदक सगळ्यांच्या पुढं असतं. नवख्या माणसानं या दिवसांत ओळख पटवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण सगळीच तपकिरी दिसतात. वीण संपली की नरांचे भरजरी कपडे गळतात आणि उडायची पिसंही सगळी एकदम झडतात. तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. हा काळ ती उत्तरेकडच्या दलदलीत, बोरूच्या दाटीत लपून काढतात. नवी पिसं आली की निघतात, पण रंग पुरते चढलेले नसतात. इथं येऊन डिसेंबरपर्यंत नर पुन्हा नटतात आणि मग पुढचा कार्यक्रम सुरू होतो, तो म्हणजे जोड्या जमवायचा. डोकं मागं टाकणं, शेपूट वर करणं, पाण्याचा तुषार उडवणं, एका मादीभोवती सहा-सात नरांची परेड. बदकांची लग्नं आपल्याकडे लागतात. हे मला कळलं तेव्हा फार गंमत वाटली होती. मार्चमध्ये परत जाताना मादी तिच्या जन्माच्या दलदलीकडे निघते आणि नर तिच्यामागून जातो, मग त्याचं स्वतःचं गाव हजार मैल पलीकडं का असेना. सगळी जातच घरजावयांची. एका ठिकाणी कडी घातलेला नर पुढच्या वर्षी भलत्याच प्रदेशात सापडायचा, त्याचं कोडं असं सुटलं.

अंडी घातली की हे जावई बहुधा निघून जातात आणि पिल्लं वाढवणं मादीवर पडतं. हे सगळं आपल्या नजरेआड, हिमालयापलीकडं घडतं. आपल्याकडे राहून वीण करणाऱ्या जाती थोड्या. हळदी-कुंकू, ज्याच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके असतात. शीळ घालत उडणारी आणि झाडाच्या ढोलीतही घरटं करणारी अडई. नरांच्या चोचीवर काळं टेंगूळ वाढलेला नकटा. आणि पांढरी, इवलीशी काणूक. आणखी एक होतं, गुलाबी डोक्याचं. गंगेच्या खोऱ्यातल्या उंच गवताच्या दलदलींत राहायचं. रानातल्या जिवंत पक्ष्याची शेवटची खात्रीची नोंद १९३५ ची, बिहारमधल्या दरभंग्याची. शिकाऱ्यांनी ते संपवलं असं म्हणणं सोपं आहे. शिकारही झाली, पण ते कधीच फार नव्हतं आणि त्याचं गवत तोडून तिथं शेतं झाली, हे कारण मला जास्त पटतं.

झोपेचं एक सांगायचं राहिलं. मलार्ड जातीच्या बदकांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळीत झोपलेल्या बदकांपैकी कडेची दोघं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात आणि तेवढ्या वेळात मेंदूचा अर्धाच भाग झोपतो. मधली मात्र बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून गाढ. आजोबांना हे ठाऊक असावं. निदान थव्याच्या कडेच्या पक्ष्यावर नजर ठेवून पुढं सरकायचं, हे ते सांगायचे. जुन्या शिकारवर्णनांत याहून चतुर प्रकार आढळतो. काही दिवस पाण्यावर रिकामी मडकी तरंगत सोडायची, बदकांना त्यांची सवय झाली की डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं स्वतःच्या डोक्यावर घालून गळ्याइतक्या पाण्यातून थव्यात शिरायचं आणि एकेकाचे पाय धरून खाली ओढायचं. ना आवाज, ना काडतुसाचा खर्च. बंदुकीवाल्या साहेबांपेक्षा या माणसाला बदक अधिक कळलेलं होतं, असं मला वाटतं.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि दुनळी कपाटात गेली. भरतपूरला १९६४ मध्ये लष्करप्रमुख जनरल चौधरींसाठी झालेली शिकार ही मोठ्या शिकारींतली अखेरची. पुढं १९८२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी आली. गावकऱ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा हक्क एका आदेशानं गेला, लोक चालून आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं मेली. त्या देवळाजवळच्या दगडांवर हा आकडा कुणी कोरलेला नाही. हे कमी होतं म्हणून की काय, बंदी पक्ष्यांनाही बाधली. म्हशी पाण्यात उतरून जे गवत खायच्या ते मोकाट वाढलं, उथळ पाणी त्याखाली गच्च झालं, मासे कमी झाले आणि बदकांना उतरायला उघडं पाणी राहीना. बीएनएचएसच्या शास्त्रज्ञांनी तिथं दहा वर्षं अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा निघाला की या जागेला म्हशी हव्या आहेत. ज्यांना हाकलायचं म्हणून गोळी चालली, त्याच. त्यानंतरचं संकट पाण्याचं. वर करौलीत पाँचना धरण झालं आणि तिथले शेतकरी म्हणाले, आमचं पाणी पाखरांना का? काही वर्षं घना जवळपास कोरडा राहिला. आता चंबळेचं पाणी नळानं आणि गोवर्धनचं नाल्यानं आणून वेळ भागवतात.

शिकार पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही, आमच्या नद्यांकाठची शिस्त पाहता तो विचारही करवत नाही. पण अमेरिकेत १९३४ पासून बदकांची शिकार करणाऱ्या, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून सरकार दलदली विकत घेतं. आजवर लाखो एकर घेतल्या. तिथं निदान पाण्यासाठी पैसे देणारा एक माणूस आहे, मग त्याचा हेतू काही असो. आपल्याकडे बंदूक गेली ते बरंच झालं, तिच्याबरोबर दारं उघडून पाणी सोडणाराही गेला आणि त्याच्या जागी कुणी नेमलेला नाही. जे चाललंय ते योगायोगावर. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवेच्या संगमाखाली शंभरेक वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्यासाठी बंधारा घातला. तो गाळानं भरत गेला. पाटबंधारे खात्याच्या लेखी हे नुकसान, पण त्या गाळाची बेटं झाली, पाणी उथळ झालं आणि तिथं इतकी बदकं यायला लागली की २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याचं नाव लागलं.

उजनीचंही तेच. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळही. आजोबांचा डोह गेला आणि त्यांची काही शेतीही गेली. ते जिथं हरभरा पेरायचे त्याच्या वर आता डिसेंबरात पट्टकादंब हंस पोहतात आणि पहाटे उरलेल्या शिवारातला हरभरा कुरतडून येतात. धरणाचा ११७ टीएमसीचा हिशेब करणाऱ्यांनी बदकांचा विचार केलेला नव्हता. भिगवण, कुंभारगाव, डिकसळकडचे मासेमार आता थंडीत होडीतून पक्षी दाखवतात आणि रोहित पक्ष्यासाठी (फ्लेमिंगो) आलेल्या लोकांना नाइलाजानं बदकंही बघावी लागतात.

मागच्या थंडीत गेलो तेव्हा धरण काठोकाठ होतं. सगळीकडे नुसतं निळं पाणी, काठ थेट उसाला भिडलेला, आणि बदकं लांब मध्यावर ठिपक्यांसारखी. बुडी मारणारी लालसरी तेवढी मजेत. होडीवाला वल्हं मारता मारता म्हणाला, “पाणी लई हाय. पाखराला पाय टेकायला जागा न्हाई.” मग जरा थांबून त्यानं विचारलं, “साहेब, पाटबंधाऱ्यात कुणी वळखीचं हाय का तुमच्या? दोन फूट खाली घेतलं असतं तर…”

मी म्हटलं, नाही.

“मग फेब्रुवारीत या,” तो म्हणाला. “सोलापूरला पाणी सोडलं की हितं चिखल उघडा पडतो. शनिवार-रविवार सोडून या, तवा होडी मिळत न्हाई.”